मनगटाला नाडी लागत नाही, आणि पेशंट समोर बसून बोलतोय



दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नसराईचे दिवस, संध्याकाळची ओपीडी. परगावहून भाचीच्या लग्नाला आलेले एक गृहस्थ पत्नीला घेऊन केबिनमध्ये आले. वय पंचावन्नच्या आसपास, चेहरा जरा उतरलेला. दोन दिवस अंगात कणकण आहे म्हणाले. त्यांचं ऐकता ऐकता मी सवयीने मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागेना. बोटं सरकवून पाहिली, दुसरा हात घेतला, तरी नाही. ऑक्सिमीटर लावला तर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. बीपीचं मशीन दोनदा फुगलं आणि दोन्ही वेळा एरर दाखवून गप्प बसलं. आणि हे गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होते.

"डॉक्टर, ती सापडायची नाही. मला पंप बसवलाय."

त्यांनी शर्ट वर केला. पोटावर एक पट्टी, तिच्यातून बाहेर आलेली एक बारीक वायर, ती कमरेला लावलेल्या एका डबीत गेलेली, आणि डबीतून निघालेल्या दोन वायरी खांद्याला अडकवलेल्या दोन बॅटऱ्यांना जोडलेल्या. मी छातीला स्टेथोस्कोप लावला. आयुष्यभर 'लब-डब' ऐकलेल्या कानांना शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तशी एकसुरी घरघर ऐकू आली.

खरं सांगतो, मी पुरता गोंधळलो होतो. या पंपाबद्दल वाचलं होतं, कॉन्फरन्समध्ये स्लाइडवर पाहिलं होतं, पण पंप बसवलेला माणूस समोर बसलेला पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या पत्नीने पर्समधून एक कार्ड काढून दिलं. ऑपरेशन चेन्नईत झालं होतं, तिथल्या कोऑर्डिनेटरचा फोन नंबर त्यावर होता. फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न तापाचा नव्हताच. वायर पोटातून जिथे बाहेर येते ती जागा कशी दिसते? पट्टी सोडवून पाहिली तर कडेने लाली होती, थोडं ओलसरही होतं. दुसरा प्रश्न, आयएनआर शेवटचा कधी केला आणि किती आला? तोपर्यंत मी पॅडवर तापासाठी आणि अंगदुखीसाठी नेहमीची पेनकिलर लिहिली होती. ती खोडली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना तीच पेनकिलर पोटात रक्तस्राव करू शकली असती. दुसऱ्या दिवशी लग्न सोडून ते चेन्नईला रवाना झाले. वायरच्या जागेचा संसर्ग निघाला, वेळेत आटोक्यात आला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्या काळजीने नव्हे. मला माझे दुसरे एक पेशंट आठवत होते, ज्यांच्याशी मी या पंपाबद्दल कधी बोललोच नाही. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. आधी विषय समजून घेऊ. (दोघांचेही ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे

हा शब्द ऐकला की घरातले रडायलाच लागतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय थांबलं असं नाही. शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. जुना हार्ट अटॅक, अनेक वर्षांचं ब्लडप्रेशर, डायबेटिस, खराब झालेल्या झडपा, दारू, काही कॅन्सरची औषधं, काही विषाणू, कधी बाळंतपण, तर कधी घराण्यातच असलेला हृदयाच्या स्नायूचा आजार, अशी कारणं अनेक. परिणाम एकच. हृदयाचा डावा खालचा कप्पा फुगतो, पातळ होतो आणि त्याचा जोर जातो. मग पाणी मागे साचतं. चालताना दम लागतो, पायावर सूज येते, रात्री आडवं झोपलं की गुदमरतं आणि उशांची संख्या वाढत जाते.

टूडी एको केल्यावर रिपोर्टात 'ईएफ' नावाचा आकडा येतो. त्यावरून एक गमतीशीर गैरसमज नेहमी दिसतो. "डॉक्टर, ईएफ साठ आहे, म्हणजे माझं हृदय साठ टक्केच चालतंय ना?" असं विचारत लोक घाबरून येतात. तसं नाही. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर जाणं हेच नॉर्मल आहे. शंभर टक्के कुणाचंच जात नाही. ४० च्या खाली आकडा गेला की आम्ही गंभीर होतो, आणि २५ च्या खाली गेला की काळजीत पडतो.

चांगली बातमी अशी की औषधं आता फार चांगली झाली आहेत. चार प्रकारच्या गोळ्या एकत्र, हळूहळू डोस वाढवत दिल्या तर बरेच पेशंट वर्षानुवर्षं व्यवस्थित राहतात, काहींचा ईएफ सुधारतोही. म्हणून "बरं वाटतंय" म्हणत स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. पंपाची चर्चा त्या गोळ्या नीट घेऊन, आहार सांभाळून, गरज असेल तर पेसमेकरसारखं उपकरण बसवूनही ज्यांचं हृदय खचत जातं त्यांच्यासाठीच आहे.

अशा पेशंटसाठी सर्वांत चांगला उपाय आजही हृदय प्रत्यारोपण हाच. आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच ते करून पाहिलं होतं, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. पेशंट काही तासच जगला. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला मग १९९४ उजाडावं लागलं. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. आज प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक लोक दहा वर्षांच्या पुढे जातात. अडचण आहे ती हृदय मिळण्याची. देशभरात वर्षाला दोन-अडीचशेच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं होतात. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा किती तोकडा आहे ते मी वेगळं सांगायला नको. हृदय मिळेपर्यंत माणूस जगवायचा कसा, या प्रश्नातून पंप आला.

मोट आणि विजेचा पंप

माझ्या आजोळी मी लहानपणी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे. बैल पुढे गेले की मोट भरून वर येते, पाणी थारोळ्यात ओतलं जातं, बैल मागे आले की मोट पुन्हा खाली. हृदय असंच काम करतं, भरायचं आणि ओतायचं. साहजिकच पहिले कृत्रिम पंपही मोटेच्या पद्धतीचे होते. ह्यूस्टनमध्ये १९६६ साली डॉ. मायकेल डिबेकी यांनी झडपेच्या ऑपरेशननंतर हृदय चालेना अशा एका बाईला असा पंप लावला. दहा दिवसांत तिचं हृदय सावरलं आणि पंप काढून टाकला. पुढे तीस वर्षं याच पद्धतीचे पंप सुधारत गेले. पण ते मोठे होते, आवाज करायचे, आणि सतत उघडझाप करणारे भाग झिजून बंद पडायचे.

तरीही त्यांचा उपयोग होतो का, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. 'रीमॅच' नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत प्रत्यारोपणाला अपात्र ठरलेले १२९ पेशंट होते. निम्म्यांना नुसती औषधं, निम्म्यांना पंप. वर्षाअखेर औषधांवरचे २५ टक्के जिवंत होते, पंपवाले ५२ टक्के. दोन वर्षांनी मात्र ८ टक्के आणि २३ टक्के. पंपाने आयुष्य वाढलं हे खरं, पण त्या काळचा पंप माणसाला फार लांब नेऊ शकत नव्हता, हेही तितकंच खरं.

बदल घडवला तो एका वेगळ्याच कल्पनेने. रिचर्ड वॅम्पलर नावाचे अमेरिकन डॉक्टर इजिप्तमध्ये गेले असताना त्यांनी तिथल्या लोकांना नळकांड्यात बसवलेला मळसूत्रासारखा स्क्रू फिरवून पाणी वर चढवताना पाहिलं. ही आर्किमिडीजच्या नावाने ओळखली जाणारी हजारो वर्षांची युक्ती. यात भरणं-ओतणं नाही, नुसतं गरगर फिरणं. रक्तही असंच पुढे ढकलता येईल का? तोपर्यंत समजूत अशी होती की इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्यात रक्तपेशींचा चेंदामेंदा होईल. तसं झालं नाही. त्यांचा बोटाएवढा पंप १९८८ मध्ये पहिल्यांदा माणसाला लावला गेला, आणि मोटेचा जमाना संपून विजेच्या पंपाचा सुरू झाला. आपल्या विहिरींवर झालं तेच!

आज वापरात असलेला पंप साधारण दोनशे ग्रॅमचा, तळहातावर मावेल एवढा. तो डाव्या कप्प्याच्या टोकाला शिवतात. कप्प्यातलं रक्त तो खेचतो आणि एका नळीतून थेट महारोहिणीत सोडतो. त्याला 'एलव्हॅड' म्हणतात. मूळ हृदय काढत नाहीत, ते जागेवरच असतं. आतलं चक्र मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं आणि चुंबकाच्या बळावर तरंगत राहतं, कशालाही टेकत नाही, त्यामुळे घासत नाही. प्रवाह सलग असल्यामुळे ठोका बोटांना जाणवतच नाही. म्हणून नाडी नाही.

एक फरक इथेच सांगून टाकतो. मोठा हार्ट अटॅक आल्यावर आयसीयूमध्ये मांडीतून बलून किंवा छोटा पंप घालतात, किंवा 'एक्मो'चं मशीन लावतात. ती काही दिवसांची तात्पुरती सोय असते. मी बोलतोय तो पंप घेऊन माणूस घरी जातो, दुकान चालवतो, लग्नाला येतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांना २०१० मध्ये असा पंप बसवला. वीस महिने ते त्यावर होते, मग ७१ व्या वर्षी हृदय मिळालं, आणि पुढे ८४ व्या वर्षापर्यंत जगले. ज्यांना वयामुळे किंवा इतर आजारांमुळे प्रत्यारोपण करता येत नाही, त्यांच्यासाठी पंप हा शेवटपर्यंतचा सोबती असतो. आधुनिक पंपाच्या एक हजारावर पेशंटच्या चाचणीत पाच वर्षांनी सुमारे ५८ टक्के लोक हयात होते. २००१ चे आकडे आठवून बघा.

घरी आल्यावर

आता दुसरी बाजू. ऑपरेशनपेक्षा मला पेशंटच्या घराबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण निर्णय तिथे होतो.

त्या सराफांनी (हो, ते सराफ आहेत) मला नंतर एकदा त्यांचा दिवस सांगितला. बॅटऱ्यांची जोडी पूर्ण चार्ज असेल तर जास्तीत जास्त सतराएक तास चालते. बदलताना एका वेळी एकच काढायची, दोन्ही एकदम कधीच नाही. रात्री झोपताना वायर भिंतीच्या प्लगला जोडायची. कूस बदलताना ती ओढली जाऊ नये म्हणून त्यांच्या पत्नीला पहिले सहा महिने नीट झोप लागली नाही. घरात इन्व्हर्टर आहेच, वर जनरेटरही घेतला. आमच्याकडे पावसाळ्यात डीपी जळला की खेड्यात दोन-दोन दिवस वीज नसते. अशा घरात पंप न्यायचा असेल तर वायरमनशी आधी बोलावं लागतं. विनोद करत नाहीये. डबीच्या आत राखीव बॅटरी असते, पण ती फक्त पंधरा मिनिटांची.

वायरची जागा हा आयुष्यभराचा जप. हात धुऊन, मास्क लावून, निर्जंतुक पट्टी, ठरल्याप्रमाणे नेमाने. हे काम घरातल्या एका माणसाला शिकवलेलं असतं, आणि तो माणूस नसेल तर बहुतेक सेंटर पंप बसवायला तयारच होत नाहीत. आंघोळ परवानगी मिळाल्यावर, उपकरणं खास पिशवीत ठेवून. पोहणं, नदीत उतरणं कायमचं बंद. चंद्रभागेतलं स्नानसुद्धा नाही. एमआरआय कधीही करता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी रोज, आणि तिच्यासाठी आयएनआर तपासणं नियमित. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही असं चालत नाही.

आणि एवढं करूनही त्रास होतात. त्याच मोठ्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत साधारण दर चार पेशंटमागे एकाला पोटातून किंवा आतड्यातून रक्तस्राव झाला, जवळपास तितक्यांनाच वायरच्या जागी संसर्ग झाला, आणि दहामागे एकाला पॅरालिसिसचा झटका आला. शिवाय पंप फक्त डाव्या बाजूला मदत करतो. उजवी बाजू कमजोर असेल तर ऑपरेशननंतर तीच बसते. सराफांना वर्षभरात तीनदा रक्त द्यावं लागलं होतं. तरी ते म्हणाले, "त्याआधी मी संडासपर्यंत चालू शकत नव्हतो, डॉक्टर. आता दुकानाच्या पायऱ्या चढतो." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मास्तर

आता ज्यांच्यामुळे मला झोप लागली नाही त्यांच्याबद्दल.

मास्तर माझ्याकडे आले तेव्हा ४६ वर्षांचे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दारू नाही, तंबाखू नाही. हृदयाचा स्नायूच दुबळा झालेला, ईएफ २५. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून आले, औषधं सुरू झाली आणि दोन वर्षं फार छान गेली. शाळेच्या सहलीलाही गेले. तिसऱ्या वर्षी घसरण सुरू झाली. आठ महिन्यांत तीनदा ॲडमिट झाले. बीपी नव्वदच्या वर जाईना, म्हणून मी हृदयाच्या गोळ्यांचे डोस निम्म्यावर आणले. क्रिएटिनिन १.१ चं १.९ झालं. लघवीच्या गोळीचा डोस दुप्पट केला, मग तिप्पट. दर वेळी मी त्यांच्या पत्नीला म्हणायचो, "वहिनी, थोडं पाणी साचलंय, इंजेक्शनने काढून टाकू." पाणी निघायचं, मास्तर बरे होऊन घरी जायचे आणि मला वाटायचं उपचार लागू पडतोय. प्रत्यक्षात ते दर वेळी आधीपेक्षा एक पायरी खाली उतरून घरी जात होते. ती पायरी मला दिसत नव्हती असं नाही. मी तिच्याकडे पाहत नव्हतो.

प्रत्यारोपण आणि पंप हे शब्द माझ्या मनात येऊन गेले होते. पण पंपाचा खर्च उपकरणासकट कोटीच्या घरात जातो. मास्तरांचा पगार मला माहीत होता, मुलगी कॉलेजात होती हेही माहीत होतं. "यांना कुठे परवडणार, उगाच सांगून जिवाला घोर कशाला लावायचा?" असं म्हणून मी तो विषय माझ्यापुरता मिटवला. त्यांना न विचारता.

चौथ्यांदा आले ते हात-पाय गार पडलेले, लघवी बंद. त्या रात्री मी त्यांना मोठ्या सेंटरला पाठवलं. तिथल्या टीमने प्रयत्न केले, पण किडनी आणि लिव्हर दोन्ही बसले होते, हृदयाची उजवी बाजू निकामी होत आली होती. या अवस्थेत पंपही नाही आणि प्रत्यारोपणही नाही, असं त्यांनी सांगितलं. अकराव्या दिवशी मास्तर गेले.

पाच-सहा महिन्यांनी वहिनी स्वतःची शुगर दाखवायला आल्या. ग्रीन कॉरिडॉर करून हृदय नेल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती, कात्रण पिशवीत होतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, असं काही असतं हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

मी हो म्हणालो. खर्च परवडणार नाही असं वाटलं म्हणून बोललो नाही, हेही सांगितलं.

"ते आम्ही ठरवलं असतं ना," त्या म्हणाल्या. "शिक्षकांची पतसंस्था होती. दोन एकर जमीन होती. नसतं जमलं तर नसतं जमलं." आवाज चढवला नाही. शुगरची चिठ्ठी घेतली आणि गेल्या. अजूनही त्या माझ्याकडेच येतात, याचं मला ओझं वाटतं.

वेळेत पाठवलं असतं तर मास्तर नक्की वाचले असते, असं मी म्हणत नाही. हृदय मिळालंच असतं असंही नाही. पण वर्षभर आधी त्यांची किडनी ठीक होती आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचं नाव जाऊ शकलं असतं. त्याचा खर्च पंपापेक्षा बराच कमी असतो. आपल्या राज्यात त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो, आणि धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. हे सगळं मला तेव्हाही शोधता आलं असतं.

तुम्ही डॉक्टरांना केव्हा विचारायचं?

तुमच्या घरात हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल तर वाट कुठे वळते आहे ते ओळखायला शिका. वर्षात दोन किंवा जास्त वेळा पाणी साचून ॲडमिट व्हावं लागलं, लघवीच्या गोळीचा डोस वाढतच चालला, आधी सोसणाऱ्या हृदयाच्या गोळ्या बीपी कमी होतं म्हणून कमी कराव्या लागल्या, क्रिएटिनिन चढतंय आणि सोडियम उतरतंय, अंघोळ करताना किंवा कपडे घालतानाही दम लागतो, भूक मेली आणि अंगावरचं मांस झडलं, बसवलेलं आयसीडी मशीन वारंवार शॉक देतं. यातली एक-दोन लक्षणं जरी दिसली, तरी "डॉक्टर, आम्ही प्रत्यारोपण आणि पंपाच्या सेंटरला एकदा दाखवून यायला हवं का?" असं स्पष्ट विचारा. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत जाऊ शकतो तेव्हाच जा. स्ट्रेचरवरून गेलात तर दारं बहुतेक बंद झालेली असतात. दाखवायला गेलं म्हणजे ऑपरेशन करायलाच हवं असं काही नसतं. पुष्कळदा तिथे औषधंच नीट बसवून देतात आणि "सहा महिन्यांनी या" म्हणतात.

आणि तुमचे डॉक्टर "हे तुम्हाला परवडणार नाही" असं म्हणाले, तर किती खर्च येतो, कुठे येतो आणि मदत कोण करतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा.

ज्यांच्या ओळखीत पंप बसवलेला माणूस आहे त्यांच्यासाठी थोडं. तो बेशुद्ध पडला तर नाडी लागत नाही म्हणून गेला असं समजू नका. छातीला कान लावा, घरघर येते का ऐका. डबीवर अलार्म वाजतोय का, वायरी आणि बॅटऱ्या नीट जोडल्या आहेत का बघा, सुटल्या असतील तर जोडा. १०८ ला आणि त्याच्या कार्डवरच्या नंबरला फोन करा. हॉस्पिटलला नेताना सुट्या बॅटऱ्यांची पिशवी विसरू नका. शुद्ध नाही, श्वास नाही आणि पंपही चालू होत नाही, अशा वेळी छातीवर दाब द्यायला घाबरू नका.

गेल्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या ७४ वर्षांच्या एका आजोबांचा ईएफ २० वर आला. या वेळी मी गप्प बसलो नाही. त्यांना, आजींना आणि दोन्ही मुलांना रविवारी ओपीडी बंद झाल्यावर बोलावलं आणि तासभर सगळं सांगितलं. पंप, वायर, बॅटऱ्या, खर्च, पाच वर्षांचे आकडे, रक्तस्राव, पॅरालिसिस. कागदावर चित्र काढून दाखवलं. धाकटा मुलगा शेत विकायला तयार होता. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले. रात्री एकट्याला पट्टी बदलता येईल का, आणि हे बंद करायची वेळ आली तर कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाचंही मी खरं उत्तर दिलं. पेशंटने आधी सांगून ठेवलं असेल तर घरचे आणि डॉक्टर मिळून ठरवतात, आणि त्रास होऊ नये म्हणून औषधं देऊन पंप बंद करता येतो.

ते म्हणाले, "मग नको. मला गोळ्यांवरच ठेवा, आणि गुदमरून मरू देऊ नका एवढं बघा."

ते मी कबूल केलं. दम कमी करणारी औषधं, घरी ऑक्सिजन, गरज पडली तर मॉर्फिनचा छोटा डोस, हे सगळं आता ठरवून ठेवलं आहे आणि मुलांच्या फोनमध्ये माझा नंबर आहे. आजोबा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात. रोजचं वजन लिहिलेली वही टेबलावर ठेवतात आणि मनगट पुढे करतात. नाडी लागते, बारीक आहे, मधूनच एखादा ठोका चुकते.